गेलेलं बेअरिंग

बावीस वर्षं झाली, हातांना आता मी लागत नाही.
वरात गणपती पेठेत वळली की
उजवा आपोआप उठतो, डावा त्याच्या मागून येतो,
आणि मी मधल्या मधे
दुधाच्या बिलाचा विचार करत असतो.
आकाराम क्लॅरनेट पुसता पुसता एकदा म्हणाला,
"लगा, तू झोपलास तरी ड्रम वाजतोय."
कौतुक होतं ते.
त्या रात्री मला भाकरी गिळवली नाही.

मग मिरजेहून नव्या काठ्या आणल्या.
नवी पुडी चढवली, दुधी रंगाची.
पोराच्या मोबाइलवर परदेशातले वाजवणारे बघितले,
चार हात असल्यासारखे.
त्यांचं थोडं उचललं, पाटावर घोटलं,
वरातीत मिसळलं.
आमटीत साखर पडल्यासारखं झालं.
कुणी काही म्हणालं नाही. तेच वाईट.

दिवसा मी मार्केट यार्डाच्या मागं
हळद पॉलिशच्या कारखान्यात पोती मोजतो.
तिथंही एक ड्रम आहे. माझ्या ड्रमचा थोरला चुलता म्हणा:
लोखंडी, जाळीचा, आडवा,
पोटात हळकुंडं घेऊन दिवसभर फिरणारा.
हळकुंड हळकुंडाला घासून उजळतं
आणि आम्ही सगळे पापण्यांपर्यंत पिवळे,
रोजचे नवरदेव, वरात नसलेले.

त्याचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.
म्हणजे कानावर होता, रोज, आठ तास.
मार्चातल्या एका दुपारी त्याचं एक बेअरिंग गेलं
आणि तो लंगडायला लागला.
खर्र, खर्र, खर्र, मग एक दचका,
मग इतका वेळ काहीच नाही
की पोत्यावरचा माझा हात थांबला,
मग अख्खी हळद एकदम कोसळली.
आकडा चुकला माझा. एकेचाळीस की बेचाळीस?
मी मोजायला लागलो, पोती नाही, त्याला.
सहा येत होते. कधी साडेसहा.
ते साडे कुठं पडतं, तेच सापडेना.

बाबालाल मुलाणी पाना घेऊन आला.
"धा मिनटात सरळ करतो," म्हणाला.
मी म्हणालो, चहा घे आधी.
मग दुसरा चहा पाजला.
मग त्याच्या मुलीच्या बारावीचं विचारलं.
तोवर मांडीवरच्या पावतीपुस्तकावर
बोटांनी त्या लंगड्याच्या मागं मागं निघालो होतो,
ठेचकाळत,
पुढचा ठोका कुठं आहे
हे बावीस वर्षांत पहिल्यांदा ठाऊक नसलेला.

रात्री गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड,
डाव्याला म्हणालो, तू पुढं हो.
तो बुजला, घरजावयासारखा.
उजव्याला म्हणालो, तू गप बस,
तर गप बसणं हेच त्याला येत नव्हतं.
आठ दिवस गेले नुसता एक टोला न मारण्यात.
काठी उचलायची आणि वरच धरायची.
न मारलेल्या टोल्यानं खांदा भरून यायचा.

बुधगावच्या वरातीत टाकलं ते.
समेवर सगळी पोरं पाय आपटायला वाकली
आणि मी दिलीच नाही सम.
क्षणभर अख्खी वरात एका पायावर.
घोडीसुद्धा.
जनरेटरची धकधक, कुणाच्या तरी बांगड्या,
मग हळद कोसळते तसा सगळा ड्रम.
दोन पोरं हसत एकमेकांवर पडली.
नवऱ्याचा मामा ओरडला,
"ए, वाजीव की नीट! पैसं काय अर्धं घेणार हायस?"
आकारामनं क्लॅरनेट तोंडातून काढून माझ्याकडं बघितलं,
आणि परत लावल्यावर
जिथं तो इतकी वर्षं श्वास घेत आला
तिथं घेतला नाही.

कारखान्यातला ड्रम आता सरळ फिरतो.
बाबालालनं ग्रीस भरलंय, कुणाची तक्रार नाही.
जुनं बेअरिंग मी मागून आणलं,
खिडकीत ठेवलंय. बोटावर धरून फिरवलं
की अजून अडतं,
दर वेळी जरा वेगळ्या जागी.