सतरावा बिल्ला

निनाद गांगुर्डेने नकाशा पाठवला तेव्हा
सोबत एकच ओळ होती :
सतरा बिल्ले लपवलेत, सगळे सापडतात का ते बघून सांग.

सातपूरची एक बंद कंपनी.
नाव बदललंय, पण गेटजवळचा वाकडा कडुलिंब तोच,
पाण्याच्या टाकीवरचा अर्धा पुसलेला बाण तोच.
मी अशोकनगरात वाढले. मला काय फसवतो?

गेममध्ये कायम रात्रपाळी असते.
विजेरी चार मिनिटं टिकते.
आणि एक सुपरवायझर फिरतो,
चेहऱ्याच्या जागी पंचिंगचं घड्याळ.
त्याचे बूट ऐकू आले की स्पेसबार दाबून
श्वास धरून ठेवायचा.

पहिले काही सोपे निघाले.
कँटीनच्या बाकाखाली एक,
नऊ नंबरच्या लेथच्या जबड्यात एक,
एक युनियनच्या फळ्यामागे, जिथे खडूने लिहिलंय :
उद्या दहा वाजता गेट मीटिंग.
तो उद्या केव्हाचा, ते कुणी लिहिलेलं नाही.

बिल्ला उचलला की नाव येत नाही,
पितळेवर ठोकलेला नुसता नंबर.
मी वहीत उतरवत गेले, टेस्टरची सवय :
२०६, ११८४, ९१२.
बोटं आखडलेली, गुडघ्यांवर शाल,
त्या रात्री निफाडला पारा चारवर होता म्हणे.

अकरावा फाउंड्रीच्या वाळूत.
वाळूत आपली पावलं उमटतात आणि तो ती वाचतो,
हे कळेपर्यंत तीनदा मेले.
चौदावा मशीनच्या देव्हाऱ्यात,
मागच्या कुठल्यातरी दसऱ्याच्या झेंडूखाली.
तिथे मात्र तो येत नाही.

सोळा झाले.
सोळा म्हणजे काहीच नाही.
लॉकर रूमचे चाळीस दरवाजे उघडले,
एकात घामट बनियन, एकात पगाराची चिठ्ठी,
एकात आरसा, आणि आरशात मी नाही.
वहीत लिहिलं : छान, घाबरले.

पहाटे पावणेचारला त्याला कळवलं,
सतरावा नाहीच, तू ठेवायला विसरलास.
लगेच उत्तर. म्हणजे तोही जागा.
"आहे. तू फार नीट खेळतेस."

मग एकदा चुकले.
लॉकर रूमच्या दारातच विजेरी गेली,
श्वास आधीच सुटला,
आणि ते घड्याळ माझ्यावर वाकलं. टक्.
कार्डावर वेळ उमटावी तसं.

मरताना कॅमेरा आडवा पडतो.
गाल फरशीला, तीन सेकंद.
एरवी मी ते बटण दाबून टाळते,
सगळेच टाळतात.
त्या रात्री हात शालीत होता.

शेवटच्या रांगेखाली,
उभ्या माणसाला कधीच दिसणार नाही
अशा चार बोटांच्या फटीत
काहीतरी पिवळं चमकलं.

पुढच्या डावात सरळ तिथे गेले, ओणवी झाले,
हात घातला.
३३७१.

कुणाचा, ते निनादला विचारलं नाही.
त्याचे वडील आयटीआय सिग्नलपाशी
रिक्षांची सीटकव्हरं शिवतात,
उजवा पाय घासत चालतात, मला बघून
"काय गं, अजून गेमच खेळतेस का?" म्हणतात.
ते तिथे किती वेळ पडून होते, तेही विचारलं नाही.

रिपोर्ट लिहिला :
सतरावा सापडतो. अवघड आहे,
पण जागा बदलू नकोस.
फक्त ते तीन सेकंद कुणाला
बटण दाबून टाळता येऊ नयेत, एवढं कर.
आणि कँटीनच्या पाटीवर "पोहें" झालंय,
अनुस्वार काढ.

"पाटी तशीच होती," त्याने लिहिलं.
"राहू दे."