अंगाशी

दोब्रावाच्या कारखान्यात सुई नाही.
रबराला एकदा टोचलं की
ते फाटत जातं पार शेवटापर्यंत,
म्हणून इथे चिकटवतात.
दोन्ही कडांना सोल्यूशन लावायचं,
वाळेस्तोवर थांबायचं, अर्धा कप चहा,
मग एकीवर दुसरी ठेवायची.
एकदाच.
उचलून परत ठेवू म्हटलं तर संपलं.
वरून लाकडी रूळ.

दाराशी एक बशी आहे.
नाणी, अंगठ्या, किल्ल्या तिच्यात ठेवून आत या,
पांढऱ्या लेटेक्सला पितळेचा हात लागला
तर तपकिरी डाग उठतो, आणि तो कुणाच्या बापाला निघत नाही.

गाव वूच.
या शहराचं नावच नाव, म्हणजे होडी,
आणि नदी केव्हाच रस्त्याखाली गाडलेली.
गिरण्या बंद पडल्या, एकीत आता सिनेमा लागतो,
एकीच्या तिसऱ्या मजल्यावर दोब्रावा.
खाली, त्याच इमारतीत,
तिच्या आईने एकतीस वर्षं धोटा सांभाळला,
एक कान तिथेच ठेवून घरी आली.

आईने पहिला झगा हातात घेतला तो दिवस:
उलटा केला, सुलटा केला, खिडकीशी नेला.
शिवण शोधत होती.
म्हणाली, याला आतली बाजूच नाही गं.
मग बऱ्याच वेळाने:
उसवायचं कुठून?

वीस वर्षांत नाव झालं.
बर्लिनच्या एका गायिकेचा लाल झगा,
टाल्कम लावून दोघांनी तिला आत सरकवलं
आणि वरून असा चकाकवला
की तिने श्वास घेतला की
पोटावरची खिडकीसुद्धा श्वास घ्यायची.

मग मनगटं खाजू लागली.
नऊ महिने अंगावर काढलं.
भाच्याच्या वाढदिवसाला फुगा फुगवताना
ओठ फुगले, फुगा राहिला.
डॉक्टर झेलिन्स्का म्हणाल्या,
झाडाच्या चिकातलं एक प्रथिन आहे,
तुमच्या शरीराने आता त्याला ओळखलंय.
आणि हो, केळंही खाऊ नका.

केळ्याचं तिला खरंच वाईट वाटलं.
बाकीचं नंतर, ट्राममध्ये.

आता कारखान्यात मधोमध काच आहे.
पलीकडे तिमोन कापतो, चिकटवतो, रूळ फिरवतो,
अलीकडे ती, हात पाठीमागे बांधून,
स्वतःच्याच संग्रहालयात आल्यासारखी.
डावीकडे, तिमोन. अजून. थांब.
तो कधी कधी मुद्दाम चुकतो, असं तिला वाटतं,
म्हणजे तिला काच ठोकता यावी.

मार्चमध्ये ह्यालिना आली, कोट न्यायला.
बारा नंबरची ट्राम चालवते, चौपन्न वर्षांची,
तीन वर्षं पैसे साठवून करड्या रंगाचा कोट,
पावसातल्या रुळांचा रंग हवा म्हणाली होती.
घातला. आरशात पाहिलं.
तिमोनने हनुवटीखाली बटण लावलं.
ती काही बोलली नाही,
वळली, काचेचं दार ढकलून सरळ बाहेर आली
आणि दोब्रावाच्या गळ्यात पडली.

तिमोन ओरडला.
दोब्रावाने हात वर करून त्याला थांबवलं,
दुसरा हात ह्यालिनाच्या पाठीवर ठेवला.
सगळा पंजा. उघडा.
गार होती पाठ, मग कोमट होत गेली.
किती वेळ? चहा अर्धा होईल इतका.

गोळी घेतली, घरी आली.
रात्री मानेवर उठलं सगळं:
दोन बाह्या, कॉलरची कड,
लाल, फुगीर, मापात.
आई थंड दह्याची वाटी घेऊन मागे बसली,
ऐकू येणारा कान तिच्याकडे,
ती काही बोलेल म्हणून.
ती बोलली नाही.

आईचं बोट मानेवरून खाली सरकत गेलं,
मध्येच थांबलं, मागे आलं,
पुन्हा तिथूनच गेलं.
चष्मा दे, म्हणाली.
मग म्हणाली, ही बघ.
सापडली.
सरळ आहे.