कडी

पुन्हा तीच जुनी कादंबरी, नवं युनिट.
ओराव्हाच्या खोऱ्यात कागदी बर्फ,
लसणाच्या माळा रबराच्या.

बोहुमिला, वय एकाहत्तर,
गावकरी क्रमांक चार.
काम एवढंच: घोडागाडी थांबली की
छातीवर क्रूस काढायचा, किंचाळायचं,
खिडकी लावून कडी घालायची.
दिवसाचे साठ युरो, वर कोबीचं सूप.

खिडकी ती लावते. किंचाळतेही, बेताचं.
कडी तेवढी राहते.

दिग्दर्शक हात जोडतो,
"आजी, बाहेर मेलेला माणूस आलाय!"
"हो ना," म्हणते, आणि
रुमालाखालचे केस सारखे करते.

व्हेंडेलिन बटाट्याच्या शेतातून यायचा
तोही असाच,
अंधार पडल्यावर, मातीने माखून,
हात गारठलेले.

दहाव्या टेकला सुताराने
बाहेरून खिळा ठोकला.
तेव्हा किंचाळली.