पुन्हा ठोकलेलं नाणं

नोटांच्या प्रेसमधून वडील निवृत्त झाले
तेव्हा त्यांचे कोट्यवधी रुपये बघून झाले होते
आणि आमच्याकडे एक लुना होती.
छत्तीस वर्षं
गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे,
आत कोऱ्या नोटांवर शाईचा डाग हुडकायचे,
भोंगा झाला की पुन्हा खिसे उलटे.
घरीसुद्धा दारात क्षणभर
हात वर करून थांबायचे, सवयीनं.
आई म्हणायची, या आत, काही सापडलं नाही.

त्यांना नाण्यांच्या संग्रहालयात न्यायची कल्पना माझी.
अंजनेरीच्या पायथ्याशी, त्र्यंबक रस्त्याला.
"चिल्लर बघायला एवढं पेट्रोल?" वडील.
मागच्या सीटवर ऋजुता फुगलेली;
तिला मत्स्यालय हवं होतं.

आत शाळेच्या प्रयोगशाळेसारखा वास.
काचेखाली शिसं, तांबं, पोटीन,
सोंड वर केलेला हत्ती,
कठड्यातलं झाड,
आणि एका नाण्याच्या तळाशी
वळणाची नदी, तिच्यात मासे.
ऋजुताला उचलून दाखवले:
हे बघ, दोन हजार वर्षं
एकदाही पलटी न खाल्लेले.
ती म्हणाली, मेलेत.

पुढच्या कपाटाशी संशोधक मुलगी सांगत होती,
ही चांदीची, जोगलटेंभीला हंड्यात सापडली तशी.
आधी नहपानाची.
सातवाहनांनी त्याला हरवलं
पण नाणी वितळवली नाहीत,
त्याच्या तोंडावरच आपला डोंगर ठोकला
आणि पुन्हा बाजारात सोडली.

वडिलांनी भिंग मागून घेतलं.
मान तिरकी, डावा डोळा मिटलेला,
श्वास रोखलेला. असे मी त्यांना
कामावर कधी बघितलंच नव्हतं.
मग भिंग ठेवून म्हणाले, "रिजेक्ट.
ठसा सरकलाय. आम्ही अख्खा गठ्ठा बाजूला काढला असता."
मुलगी हसली. ते हसले नाहीत.

आई तोवर तिथंच वाकून होती,
काचेवर श्वासाचं वर्तुळ.
"डोंगराखाली नाक दिसतंय की हो," म्हणाली,
"आणि हा कान.
नीट पुसता नाही आलं त्यांना."

परतताना सिटीबस आडवी आली,
कंडक्टर दारात लोंबकळत
"द्वारका! द्वारका! द्वारका!"
आईनं झटकन मान वळवली.
नेहमीच वळवते.
चाळीस वर्षं हा चौक ओलांडतेय,
तरी दर वेळी
कुणी अंगणातून हाक मारल्यासारखी.

ताटात तांदूळ पसरून
अंगठीनं वडिलांनी लिहिलं होतं: शैलजा.
रेशनकार्डावर शैलजा, बँकेत शैलजा,
आत्याच्या तोंडी शैलावहिनी.
निफाडकडचे मामा गेल्यापासून
ते आधीचं नाव
चालवणारं कुणी उरलं नव्हतं.

सिग्नल लाल. वडील बाहेर बघत होते.
मग खिसे चाचपत, काहीतरी शोधत,
समोरच्या काचेला सांगावं तसं म्हणाले,
"द्वारका, चष्मा तुझ्याकडे आहे का गं?"

आईनं पर्स उघडली.
बराच वेळ तिला चष्मा सापडेना.
मागून हॉर्न वाजायला लागले.
ऋजुता विचारत होती,
आजी, द्वारका कोण?