वास : वैशिष्ट्यपूर्ण

कलिन्याची प्रयोगशाळा, दुसरा मजला,
मुद्देमाल क्रमांक सतरा.
लाखेचं सील शाबूत. सही जुळते.
आत झिपलॉकची पिशवी, तिच्यावर चकचकीत स्टिकर :
जीभ बाहेर काढलेला आंबा, डोक्यावर क्रीमचा तुरा,
खाली नाव, मँगो रबडी.
कुणीतरी बसून विचार केला असणार या नावाचा.

वजन अकरा ग्रॅम चारशे मिलिग्रॅम, पिशवी सोडून.
रंग हिरवा, कडेकडेला वांग्याचा जांभळा,
मधूनमधून नारिंगी तंतू,
दुधात टाकलेलं केशर अजून विरघळायचं आहे तसे.
भिंगाखाली राळेचे थेंब, बारीक देठांवर उभे,
डोकी गोल, काचेची,
बरीचशी दुधाळ झालेली, दोन-चार मधाच्या रंगाची.
आणि पानावर ते केस, अस्वलाच्या नखासारखे वाकडे,
ज्यांच्या भरवशावर आम्ही कोर्टात शपथेवर सांगतो
की होय, हा गांजाच.
परीक्षानळीत जांभळा उतरला. तोही म्हणाला, होय.

पुढचा रकाना, वास.
तिथे एकच शब्द लिहायचा असतो : वैशिष्ट्यपूर्ण.
एकोणीस वर्षं तोच लिहिते आहे.
ट्रकमध्ये कांद्याखाली सापडलेल्या पोत्यांनाही तोच,
ओल्या सुतळीसारख्या येणाऱ्या पुड्यांनाही तोच.

पण गावित सर आपल्या टेबलावरून उठून येतात.
त्या तापात त्यांचं नाक गेलं, परत आलंच नाही.
निवृत्तीला आठ महिने.
चहा गरम आहे एवढंच कळतं, म्हणतात,
दूध उतू गेलेलं डोळ्यांनी बघावं लागतं.
स्टूल ओढून बसतात.
सांगा कुडाळकर बाई, कसा आहे?

आधी आंबा, सर.
पण हापूस नाही. हापूस समोरून येतो, नाव सांगून.
हा पायरी, तोही चार दिवस गवतात विसरलेला,
देठाशी मऊ पडलेला, तिथे जरासा आंबूस.
मग साल. मोसंब्याची नको, इडलिंबाची धरा,
नख लागल्यावर डोळ्यांत उडते ती.
मग गोड. साखरेचं गोड नाही,
आटलेल्या दुधाचं, कढई रिकामी झाल्यावर
तळाला झारा घासताना येतं ते...
खरवड, सर म्हणतात.
हो. खरवड.

आणि शेवटी?
शेवटी थोडं रॉकेल, सर.
चिमूटभर मिरी. न वाळलेली चादर.
सर डोळे मिटून घेतात.
आमच्याकडे नवापूरला, ते म्हणतात,
अढी घालायचे त्याच खोलीत कंदील टांगलेला असायचा.
रॉकेल हवंच.
मग बराच वेळ काही बोलत नाहीत.
फ्रिजची मोटर चालू होते, बंद होते.

यंत्र त्यालाच मिर्सीन म्हणतं, लिमोनीन म्हणतं,
कागदावर टोकदार शिखरं काढून देतं.
आंब्यात तेच असतं, सालीत तेच.
झाडाला काय ठाऊक,
आपण कुठल्या कलमात बसतो.

ज्याच्याकडे हे सापडलं त्याचं नाव मला नको असतं.
पण ओशिवऱ्याच्या हवालदारानं जोडपत्रात लिहून टाकलंय :
वय बावीस, बेकरीत कामाला, केकवर नावं काढतो.
त्यालाही खरवडच आली असेल का,
की नुसता स्टिकर?
हे विचारायला रकाना नाही.

रकान्यात मी लिहिते, वैशिष्ट्यपूर्ण.
लाख वितळवते. तिचा वास मात्र
सरांना सांगायचं राहून जातं.

ते स्टूल जागेवर ठेवतात.
उद्या काय आहे?
उद्या रेल्वे पोलिसांची पोती, सर. नुसतं गवत.
चालेल, ते म्हणतात.
गवताचं सांगा.