भरपाई

त्बिलिसीत, औषधांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर माझं काम चालतं.
मी तासावर. जॉर्जियनमधून रशियन, रशियनमधून जॉर्जियन,
चहाची दहा मिनिटं कापून.

आज उलबोल्सिन आली आहे, शिमकेंटहून.
नावाचा अर्थ मी विचारला नव्हता, तिनंच सांगितला :
'मुलगा होऊ दे.'
चार मुलींच्या पाठीवरची ती पाचवी.
आईबापांनी मागणं तिच्याच नावावर लिहून टाकलं,
मागणं काही फळलं नाही, नाव तेवढं राहिलं.
आता परक्यांना होईल मुलगा, म्हणाली,
आणि हसताना तोंडावर हात धरला. एक दात नाही.

कलम चार. मी वाचते.
दरमहा खर्चाला इतके. पोट फाडावं लागलं तर इतके जादा.
जुळी निघाली तर इतके.
गर्भाशय काढावं लागलं तर
(इथं मी दर वेळी आवंढा गिळते)
इतके.
ती बोटांच्या पेरांवर मोजत राहते.
मला वाटलं पैसे. ती महिने मोजत होती.
सप्टेंबरात धाकटीची शाळा सुरू होते,
तोवर पोचेन का मी?

खोलीवर आधीच तिघी आहेत. एक न्हाणी, एक फ्रिज,
दह्याच्या डब्यांवर चिकटपट्टीनं नावं.
नेस्तान इथलीच, झुगदिदीची.
बेगिमाय ओशहून आलेली.
तिसरी कुठली ते ती सांगत नाही, आकडाही नाही.

आकडा फुटला तो इस्त्री करताना.
नेस्तान सहज बोलून गेली, तिला किती मिळतात ते.
बेगिमायनं इस्त्री उभी ठेवली, वायर काढली, गुंडाळली
हळूहळू, उसनी आणलेली वस्तू परत करताना गुंडाळावी तशी.
मग मला फोन, रात्री साडेदहाला.
तास लावू नकोस, म्हणाली, एकच विचारायचंय.
माझे नऊ महिने तिच्यापेक्षा आखूड असतात का?

मी बाईंना विचारलं. बाई म्हणजे इथल्या व्यवस्थापक,
माणूस वाईट नाही, वाढदिवसाला केक आणतात.
त्या म्हणाल्या, अगं, हे मोल नव्हेच, ही भरपाई.
जिच्या गावात भाकरी जशी, तशी तिची भरपाई.
अमेरिकेत तर म्हणे एक नदी ओलांडली की आकडा बदलतो,
तिथं कुणी भांडत नाही.
सवयीनं मी भाषांतराला तोंड उघडलं.
खोलीत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

मला स्वतःला बोलायला तोंड नाही तसं.
इंग्रजीची एका आहे शेजारच्या टेबलावर,
तेच कलम चार, तोच आवंढा,
तिला दुप्पट.

भरपाई.
भरून द्यायचं म्हणजे आधी काहीतरी रितं झालेलं असणार.
अकरा पानं आहेत. काय रितं झालं ते
मी एकाही पानावर वाचलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.
आमच्या भाषेत गर्भारणीला म्हणतात दोन जिवांची.
रशियन शब्दाच्या मुळाशी ओझं आहे, नुसतं ओझं.
म्हणजे डावीकडच्या रकान्यात बाई दोन जिवांची असते,
उजवीकडच्या रकान्यात ती काहीतरी वाहून नेत असते,
आणि मधली रेघ ओलांडून देणारी मी, तासावर.

उलबोल्सिन सही करते. प्रत्येक पानाच्या तळाशी पूर्ण नाव,
जीभ किंचित बाहेर, शाळेतल्या मुलीसारखी.
मुलगा होऊ दे.
पान उलटते. मुलगा होऊ दे.
अकरा वेळा.
शाई मध्येच संपते, बाई आपलं पेन देतात.

खाली माझी सही :
भाषांतर मुळाबरहुकूम आहे.