उरलेले एकवीस

गुरुवारी, वीज बंदच्या दिवशी,
हिलाल दारात आला तेव्हा
त्याच्या भुवयांत पीठ नव्हतं.
गिरणीवरचा माणूस भुवया धुऊन येतो
म्हणजे एकतर मयत, नाहीतर कोर्ट.
"गाडी दे ना भो. घंटाभरमा येस."
कुठे, ते त्यानं सांगितलं. पारोळ्याला.
का, ते मी विचारलं नाही.
चप्पल न काढता उंबऱ्यावर उभा असलेल्या माणसाला
का विचारू नये.

किल्ली दिली, पण बोटं लगेच सुटेनात.
सांगत बसलो:
चोक अर्धाच ओढ, पूर्ण ओढलास तर रुसते.
दुसरा गिअर पायानं शोधावा लागतो
अंधारात चप्पल शोधतात तसा.
उन्हात डांबर मऊ होतं, स्टँड रुततं,
फरशीचा तुकडा डिकीत आहे, तो खाली घाल.
हॉर्न वाजत नाही, तोंडानं ओरड.
पुढचा ब्रेक आहे असं धरूच नकोस.
तो सगळ्याला मान हलवत होता
आणि ऐकत काहीच नव्हता.
मला जरा शरम वाटली.
सोळा वर्षं सांभाळून घेतलेल्या खोडी
अशा दारात उभं राहून सांगायच्या.

मग दिवसभर पायी.
माझं काम विजेचे मीटर वाचायचं,
आणि मे महिन्यातलं अमळनेर
दुपारी सावलीसुद्धा पायाखाली घेऊन बसतं.
"गाडी कुठंय?" "दिली."
असं म्हटलं की प्रत्येक घरातून
एकेक दिलेली वस्तू बाहेर येई:
शिडी, कुकर, लग्नातली सतरंजी,
एका बाईंचं पुरणयंत्र, सहा वर्षांपूर्वीचं.
परत आलेलं त्यात एकही नव्हतं.

घंटाभर रात्री साडेसातला संपला.
हिलालनं किल्ली खिडकीत ठेवली,
उभ्यानंच तांब्याभर पाणी प्यायला.
"ठीक शे ना समदं?"
"ठीक शे."
आणि गेला. पाठमोरा माणूस हसत असला
तर खांद्यांवरून कळतं.

टाकीत पेट्रोल होतं,
मी कधी भरलं नव्हतं इतकं.
सवयीनं आकडा वाचला. त्रेसष्ट.
पारोळ्याला जाऊन येऊन बेचाळीस होतात.
उरलेले एकवीस कुणाचे?

मागचा डावा फुटरेस्ट खाली होता.
उजवा तसाच वर, गंजलेला.
सीटच्या फक्त मागच्या अर्ध्यावर
चौघडी घातलेला पंचा, सुतळीनं बांधलेला,
अजून थोडा ओलसर.
स्वतःच्या अर्ध्यावर काही नाही. नुसतं तापलेलं रेक्झीन.
आणि डावा आरसा आत वळवलेला.
मी बसून पाहिलं.
रस्ता दिसत नव्हता,
मागून ट्रक आला असता तरी कळलं नसतं.
दिसत होती पंच्याच्या वर,
हातभर उंचीवर,
एका चेहऱ्यापुरती जागा.

"विचारा की त्यांना," बायको म्हणाली.
मी म्हटलं, मीटर वाचणारा
बिल करत नाही.

आरसा मात्र सरळ करवेना.
आठवडाभर मागचं न बघता फिरलो.
बोरीच्या पुलावर एका टँकरवाल्यानं
माझ्या सात पिढ्या काढल्या.

पुढच्या गुरुवारी हिलाल पुन्हा दारात.
भुवया स्वच्छ. भांगाला तेल.
"पारोळा?"
"पारोळाच."
पंचा बादलीत बुडवून मी पिळला,
जास्त नाही, वाटेत टिकेल इतपत,
आणि वाकून डावा फुटरेस्ट खाली केला.
तो बघत राहिला. मी बघू दिलं.
मग नेहमीचं सांगितलं, चोक अर्धाच,
दुसरा गिअर शोधावा लागतो, फरशी डिकीत.
हॉर्नचं सांगितलं नाही.
तो मी आदल्या दिवशीच
दुरुस्त करून आणला होता.